हॉल ११ महिन्यांचा, करार ३६ महिन्यांचा: कोल्हापुरातील मार्शल आर्ट वर्गचालकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यात मुलांचे कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, ज्युदोचे वर्ग चालवणारे सर्व संचालक आणि प्रशिक्षक

माहितीसाठी: जिल्हा क्रीडा अधिकारी, तसेच वर्गांना हॉल किंवा मैदान देणाऱ्या शाळांचे मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

तुमचे वर्ग ज्या हॉलमध्ये भरतात, त्याचा भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो. राजारामपुरी असो, कळंबा असो की उजळाईवाडी, लिव्ह अँड लायसन्सची रीत सगळीकडे तीच. पण त्याच हॉलच्या दारात टेबल टाकून पालकांची सही घेतली जाते ती २४ किंवा ३६ महिन्यांच्या करारावर. पैसे एकरकमी नाहीतर कर्जाच्या हप्त्यांनी आधीच वसूल होतात. स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर ११ महिन्यांचे असताना ३६ महिन्यांची सेवा विकायची आणि वर 'फी परत मिळणार नाही' असे छापायचे, हा व्यवहार टिकत नाही. तो का टिकत नाही आणि टिकेल असा कसा करता येईल, एवढेच या पत्रात आहे. लिहिणारे आम्ही म्हणजे पालकांचे तक्रारअर्ज लिहून देणारे ग्राहक कार्यकर्ते, हिशेब बघणारी मंडळी आणि स्वतः मॅटवर उभे राहून शिकवणारे काही प्रशिक्षक. कोणत्याही एका वर्गाचे नाव यात नाही.

आधी तुमची बाजू. लांब मुदतीचा करार दरवेळी लबाडीतूनच निघतो असे नाही. एप्रिल-मेच्या शिबिरात हॉल गच्च असतो. जूनमध्ये शाळेच्या वेळा बदलल्या की गळती लागते, जुलैच्या पावसात मुले येईनाशी होतात आणि सहामाही परीक्षेनंतर काही परततच नाहीत. भाडे, वीज आणि सहायक प्रशिक्षकाचा पगार मात्र बारा महिने चालू. १० बाय ८ मीटरच्या हॉलला १ बाय १ मीटरच्या ८० इंटरलॉक मॅट लागतात. त्यांचे दाते झिजले आणि कडा वर आल्या की पोरांचे अंगठे अडकतात, म्हणून त्या बदलाव्याच लागतात. शिवाय लढतीचा कुठलाच खेळ दोन महिन्यांत अंगात मुरत नाही. मूल टिकावे ही तुमची इच्छा रास्तच आहे. त्यासाठी धरलेला मार्ग मात्र हिशेबातच चुकतो.

समजा, मे महिन्यात ४० पालकांनी २४ महिन्यांचे प्रत्येकी ३६,००० रुपये भरले. खात्यात १४,४०,००० आले. पण मुलामागे महिना १,५०० या हिशेबाने पहिल्या महिन्यात वर्गाने कमावले ६०,०००. उरलेले १३,८०,००० हे देणे आहे. शिकवून फेडायचे, नाहीतर परत करायचे. त्याच पैशातून दुसऱ्या शाखेचे डिपॉझिट भरले, नवे आरसे बसवले, गाडी काढली, की सहाव्या महिन्यात परतावा मागायला आलेला पालक वैऱ्यासारखा दिसू लागतो. 'आमच्या नियमात बसत नाही' असे उत्तर मिळते तेव्हा पुष्कळदा नियमाचा काही संबंध नसतो, गल्ल्यात पैसेच नसतात. म्हणून आगाऊ फीसाठी वेगळे बँक खाते ठेवा आणि महिना संपला की त्या महिन्याचा वाटा तेवढा चालू खात्यात वळवा. एवढे केले तरी निम्मी भांडणे हॉलच्या दाराबाहेर जाणार नाहीत.

मुदतीबद्दल आमचे म्हणणे सरळ आहे. एका वेळी तीन महिन्यांची फी घ्या, फार तर सहा महिन्यांची. आणि कोणत्याही परिस्थितीत तुमच्या भाडेकराराचे जितके महिने उरले आहेत त्याहून जास्त काळाची नको. भाडेकरार ऑक्टोबरमध्ये संपत असेल तर जुलैमध्ये सहा महिन्यांचे पॅकेज विकू नये. कोल्हापुराला अंगमेहनतीची शिकवणी नवी नाही. इथल्या तालमींत आणि मर्दानी खेळांच्या आखाड्यांत पोरे वर्षानुवर्षे वस्तादांच्या हाताखाली राहिली, ती काही ३६ महिन्यांच्या करारावर सही करून नव्हे.

आता 'भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' या वाक्याकडे येऊ. पावतीच्या तळाशी बारीक टाइपात हे छापले की विषय संपला, असा समज वर्गचालकांत आहे आणि दुर्दैवाने पालकांतही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच मागता येते. करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते, तो आपोआप खिशात पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्याही पुढे जातो. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट, वाजवी कारणाशिवाय एकाच पक्षाला करार संपवू देणारी अट, ग्राहकाला विचारल्याशिवाय त्याच्या तोट्यात करार तिसऱ्याच्या गळ्यात घालू देणारी अट, हे सगळे त्यातल्या 'अनुचित करारा'च्या व्याख्येत येते. पावती न देणे आणि सेवेत खोट निघाल्यावर पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते; पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर परताव्यासाठी ३० दिवस धरले जातात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये शाळा-महाविद्यालयांना या कायद्याबाहेर ठेवले, पण कोचिंग संस्थांना आतच ठेवले. त्यामुळे 'आम्ही शिक्षण देतो, आम्हाला ग्राहक कायदा लागत नाही' हा बचाव लंगडा आहे.

एक फट मात्र खरी आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे त्यात आहे. पण त्याच सूचनांनी कोचिंगच्या व्याख्येतून क्रीडा, नृत्य आणि नाट्य वगळले आहे. म्हणजे जेईईच्या क्लाससाठी सांगितलेला परताव्याचा नियम कराटेच्या क्लासला लागू नाही. पालकांचाही एक गैरसमज इथेच दूर करू: सही केल्यावर सात दिवसांत बिनशर्त माघार घेता येते, असा सरसकट हक्क आपल्याकडे अशा सेवांच्या करारांना नाही. तो करारातच लिहिलेला असावा लागतो. तुम्ही तो लिहून द्यावा, अशी आमची मागणी आहे: सहीपासून १५ दिवस, आणि त्याआधी किमान चार तासिका करारावाचून करून बघण्याची सोय. शिबिराच्या समारोपाला मूल पदक गळ्यात घालून उभे असताना 'आजच सही केली तर ८,००० सूट' असे सांगून घेतलेली सही ही समजून-उमजून दिलेली संमती आहे, असे तुम्हालाही मनातून वाटत नसेल.

परतावा किती द्यायचा, यावर सर्वांत जास्त वाद होतात. पालक म्हणतात सरळ भागाकार करा, वर्ग म्हणतो सूट घेऊन गेलात त्याचे काय. दोघांचेही थोडे बरोबर आहे. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. वरचेच उदाहरण: २४ महिन्यांचे ३६,००० भरले, सुटा मासिक दर (पॅकेज न घेता महिन्याच्या महिन्याला भरण्याची फी) २,००० आहे, मूल पाच महिन्यांनी सोडते. शिकलेले पाच महिने सुट्या दराने धरा: १०,०००. सोडण्याच्या पूर्वसूचनेचा एक महिना: २,०००. प्रत्यक्ष दिलेला ड्रेस आणि बेल्ट: १,५००. झालेली एक बेल्ट परीक्षा: ८००. एकूण १४,३००; परत द्यायचे २१,७००. सरळ भागाकाराने पाच महिन्यांचे ७,५०० झाले असते, तेव्हा पालकाने लांब मुदतीची सूट परत केली आणि वर्गाचे नुकसान भरून निघाले. याच पद्धतीने १६ महिने शिकून गेलेल्या मुलाला जवळजवळ काही परत मिळत नाही, कारण त्याने तेवढ्या पैशांचे शिक्षण घेतलेले असते. यावर कोणी प्रामाणिक पालक भांडणार नाही.

पण या पद्धतीत एक चोरवाट आहे आणि ती वापरली जाते. सुटा मासिक दर फुगवून लिहायचा. ज्या दराने एकही मूल येत नाही असा ४,००० रुपयांचा 'रेग्युलर' दर कागदावर ठेवला की नवव्या महिन्यात ३६,००० संपतात. म्हणून सुटा दर हॉलच्या दर्शनी भागात फलकावर लावलेला असला पाहिजे, त्या दराने महिन्याच्या महिन्याला प्रवेश खरोखर मिळाला पाहिजे आणि तशा पावत्या फुटलेल्या असल्या पाहिजेत. सुट्या दराची एकही पावती दाखवता येत नसेल तर भागाकाराचाच दर धरावा. पावतीवर जीएसटी लावत असाल तर जीएसटी क्रमांक हवाच. नोंदणी नसताना कर म्हणून पैसे घेता येत नाहीत, आणि तसे पैसे घेणाऱ्या पावत्या आम्ही पाहिल्या आहेत.

कर्जाच्या हप्त्यांचा विषय जरा सविस्तर सांगायला हवा, कारण इथे पालकांना काय घडले ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. 'महिना ३,००० चे बारा हप्ते, नो कॉस्ट' असे सांगून मोबाइलवर आधार, पॅन, ओटीपी घेतला जातो. पालकाला वाटते फी हप्त्याने भरतोय. प्रत्यक्षात एका वित्तसंस्थेने त्याच्या नावावर कर्ज मंजूर केलेले असते, ती संस्था आपला वाटा कापून उरलेली रक्कम वर्गाला एकदम देते आणि पालक पुढचे वर्षभर वर्गाचा नाही, वित्तसंस्थेचा देणेकरी असतो. मुलाने सोडले, वर्ग बंद पडला, सर निघून गेले, काहीही झाले तरी हप्ता चालू. रागाने हप्ता थांबवला तर बाउन्सचा दंड आणि सिबिलवर डाग, जो पुढे घरकर्जाच्या वेळी नडतो. आणि परतावा मागितला की वर्ग म्हणतो, 'आम्हाला पूर्ण ३६,००० मिळालेच नाहीत.' वित्तसंस्थेने कापलेला वाटा हा वर्गाने स्वतःच्या सोयीसाठी पत्करलेला खर्च आहे, तो पालकाच्या परताव्यातून कापता येणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जदाराला की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मिळाले पाहिजे आणि त्यात कर्जातून विनादंड बाहेर पडण्याची कूलिंग ऑफ मुदत लिहिलेली असते. ती कधी कधी एकाच दिवसाची असते, म्हणून तो कागद पालकाच्या हातात सहीच्याच दिवशी पडायला हवा, आठवड्याने ईमेलवर नव्हे. तुमच्या करारात आम्हाला हे वाक्य हवे आहे: 'फी कर्जाद्वारे भरली आहे, मूल सोडून गेल्यास परताव्याची रक्कम वर्ग १५ दिवसांत थेट वित्तसंस्थेकडे भरेल आणि कर्ज बंद झाल्याचे पत्र पालकास देईल.' हे वाक्य लिहायची तयारी नसेल तर कर्जाची सोय ठेवू नका.

यूपीआय ऑटोपे त्या मानाने सोपे: पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते आणि पालक आपल्या ॲपमधून मॅन्डेट (पैसे कापण्याची दिलेली परवानगी) रद्द करू शकतो. मात्र मॅन्डेट रद्द केल्याने करार संपत नाही. सोडत असल्याचे वेगळे लिहून द्यावेच लागते.

'सिक्युरिटी'साठी पुढच्या तारखांचे सहा-आठ चेक घेण्याची पद्धत मात्र बंदच करा. चेक परत गेला की परक्राम्य संलेख अधिनियमाचे (चेक वगैरेंच्या कायद्याचे) कलम १३८ लागू होते: बँकेची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार. दोन वर्षांपर्यंतची शिक्षा असलेले कलम आठ वर्षांच्या पोराच्या किकबॉक्सिंगच्या फीसाठी वापरणे शोभत नाही. शिवाय मूल सोडून गेल्याचे पत्र हातात असताना चेक टाकला तर मुळात कायदेशीर देणे होते का, हा प्रश्न तुमच्यावरच उलटतो. पालकांनीही नुसते 'स्टॉप पेमेंट' करून स्वस्थ बसू नये. तेवढ्याने १३८ टळत नाही. आधी सोडल्याचे पत्र, त्यात उरलेल्या चेकचे क्रमांक, मग बँक.

आता बेल्ट. '३ वर्षांत ब्लॅक बेल्ट, गॅरंटी' असे फ्लेक्स शहरात दिसतात. बेल्टची हमी दिली की परीक्षा ही परीक्षा राहत नाही, पावती होते. तायक्वांदोत दहाव्या गुपपासून (गुप म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीची श्रेणी) पहिल्या गुपपर्यंत नऊ पायऱ्या आणि दहावी ब्लॅक बेल्टची. कराटेत शैलीनुसार क्यूची (तिथल्या अशाच श्रेणींची) संख्या थोडीफार बदलते, पण मामला तोच. प्रत्येक परीक्षेची फी १,००० धरली तरी १० परीक्षांचे १०,००० होतात आणि ते '३६,००० ऑल इन्क्लुझिव्ह'च्या बाहेर असतात, हे पालकाला पहिल्या परीक्षेच्या वेळी कळते. परीक्षा किती, प्रत्येकीची फी किती, नापास झाल्यास पुन्हा पैसे पडतात का, हे करारात लिहा. प्रमाणपत्र कोणाचे, तेही लिहा. कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या कोरियातील मुख्य संस्थेची १५ वर्षांखालच्या मुलांसाठी पूम ही ब्लॅक बेल्टची श्रेणी आहे, मोठ्यांची डॅन नव्हे. नऊ वर्षांच्या मुलाला 'फर्स्ट डॅन' देण्याचे वचन कुक्कीवॉनच्या नावाने दिले जात असेल तर ती फसवणूक आहे. कराटेत संघटना अनेक आहेत आणि एकीचा बेल्ट दुसरी मानेलच असे नाही. वर्ग बदलल्यावर मुलाला पुन्हा खालच्या बेल्टवर उभे केले जाते, ते यामुळे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे दहावीचे सवलतीचे गुण आणि नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण दाखवून केलेली विक्री. दोन्ही सोयी खऱ्या आहेत. पण त्या शासनमान्य शालेय स्पर्धा आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या ठरावीक पातळीवरच्या स्पर्धांना मिळतात. एखाद्या मंगल कार्यालयात दोन दिवस भरवलेल्या, प्रत्येक सहभागी मुलाला पदक देणाऱ्या 'ओपन नॅशनल'चे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. त्या स्पर्धेची प्रवेश फी, प्रवास, वर ट्रॅकसूट असे पैसे करारापेक्षा वेगळे जातात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की मार्शल आर्टच्या कोणत्या प्रकारात, कोणत्या वयोगटात, कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र सवलतीच्या गुणांना चालते, याची एक पानी यादी दर जूनमध्ये कार्यालयाच्या फलकावर लावावी आणि शाळांना पाठवावी. या एका कागदाने निम्मी विक्री ताळ्यावर येईल.

ड्रेसबद्दल थोडक्यात. सहा ते नऊ वर्षांचे मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होते. ड्रेसचे माप १० सेंटिमीटरच्या टप्प्याने असते: ११०, १२०, १३०. तीन वर्षांच्या करारात 'एक ड्रेस मोफत' म्हणजे पालकाने आणखी एक-दोन विकत घ्यायचे. ते वर्गाकडूनच घेण्याची सक्ती नको. कापड आणि रंग सांगा, वर्गाचा लोगो वेगळा पॅच म्हणून द्या. चेस्ट गार्ड, हेड गार्ड, शिन गार्ड हे महागडे साहित्य पहिल्या दिवशी लागत नाही. स्पारिंग (जोडीने सरावाची लढत) सुरू होईल तेव्हाच घ्यायला सांगा.

वर्गाच्या बाजूने सेवा बदलते तेव्हा काय, याबद्दल बहुतेक करार गप्प असतात. प्रवेशाच्या दिवशी समोर बसतात ते ब्लॅक बेल्टचे सर. दोन महिन्यांनी रोज शिकवायला असतो बारावीतला ब्राउन बेल्टवाला दादा, आणि १८ मुलांच्या बॅचमध्ये ३५ उभी असतात. मुख्य प्रशिक्षकाचे नाव, त्याने आठवड्यातून किती तासिका स्वतः घ्यायच्या आणि एका प्रशिक्षकामागे मुलांची कमाल संख्या, हे तिन्ही करारात हवे. आमच्या मते लहान मुलांसाठी ही संख्या २० च्या वर नसावी. यातले काहीही बदलले, किंवा वर्ग राजारामपुरीतून उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेला, तर पालकाला सूट-बिट न कापता, सरळ भागाकाराने उरलेली फी मिळाली पाहिजे. फ्रँचायझी असेल तर परताव्याला जबाबदार कोण, स्थानिक चालक की मुख्य संस्था, हे पत्त्यासह लिहा. आज दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि महापूर. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की शहराचे लक्ष तिकडे, ४३ फुटांच्या धोका पातळीनंतर दुधाळी, शाहूपुरीच्या सखल भागातले व्यवहार थांबतात. २०१९ आणि २०२१ ला काय झाले ते सांगायला नको. पूर हा कोणाचाच दोष नाही, पण बंद तासिकांची फी कोणी सोसायची हे आधी ठरवता येते. साधा नियम: महिन्यातल्या निम्म्याहून जास्त तासिका बुडाल्या तर तो महिना मोजायचा नाही, मुदत तेवढी पुढे. मोबाइलवरच्या ऑनलाइन तासिका पालकाच्या संमतीशिवाय भरपाई म्हणून धरू नयेत. काता किंवा पुमसे (एकट्याने करायच्या ठरावीक हालचाली) एक वेळ स्क्रीनवर बघून घोटता येईल, कुमितेला (प्रत्यक्ष लढतीला) समोर माणूस लागतो.

'इजा झाल्यास वर्ग जबाबदार नाही' या छापील वाक्याने निष्काळजीपणा माफ होत नाही. सुटलेल्या मॅटवर पाय मुरगळला तर ते वाक्य ढाल म्हणून धरता येणार नाही. डॉक्टरांनी एक महिन्याहून जास्त विश्रांती सांगितली असेल तर करार थांबला पाहिजे, संपवायचा असेल तर सूचनेचा महिना माफ. तसेच मुलांचे फोटो जाहिरातीत वापरण्याची संमती करारात गुंडाळू नका. वेगळा कागद, वेगळी सही.

पालकही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे आम्ही अर्ज लिहिताना पाहतोच. न सांगता मूल पाठवणे बंद करतात, आठ महिन्यांनी उगवतात आणि आठही महिन्यांचे पैसे मागतात. म्हणून सोडल्याची तारीख म्हणजे लेखी सूचना पोचल्याची तारीख, असे दोघांनी मानावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेली सूचना चालेल, असे करारात लिहा आणि तो क्रमांकही लिहा. हजेरीपट ठेवा; महिन्याच्या शेवटी किती तासिका झाल्या आणि मूल किती वेळा आले, एवढा एका ओळीचा मेसेज पालकाला गेला तर पुढे कोणाच्या स्मरणशक्तीवर खटला चालवावा लागत नाही. करार अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाशी होऊ शकत नाही, तो सही करणाऱ्या आई किंवा वडिलांशी असतो. सही कोणाची आणि कर्ज कोणाच्या नावावर, यात फरक असेल तर तो नोंदवा. मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरणाची अट काढून टाका. आणि करार मराठीत द्या. जो कागद पालकाला वकिलाकडून समजून घ्यावा लागतो, त्यावर 'वाचून, समजून सही केली' असे छापून काय साधते?

शाळांसाठी एक परिच्छेद, कारण अनेक वर्ग शाळेच्याच हॉलमध्ये भरतात. शाळेच्या डायरीतून वर्गाचे पत्रक घरी गेले की पालक ते शाळेचेच मानतात आणि डोळे झाकून पैसे भरतात. मुख्याध्यापकांनी हॉल देताना वर्गाशी लेखी अट घालावी: फी त्रैमासिक, परताव्याचा नियम फलकावर, कर्जाची विक्री शाळेच्या आवारात नाही. शाळेने भाडे घ्यावे, फीतला टक्का घेऊ नये. टक्का घेतला की तक्रार ऐकणारे कोणी उरत नाही.

वाद मिटला नाही तर पालक पुढे काय करू शकतो, हे तुम्हालाही ठाऊक असलेले बरे. आधी पोचपावतीसह लेखी मागणी, १५ दिवसांची मुदत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५; इथे पुष्कळ प्रकरणे फोनवरच मिटतात, कारण वर्गाला प्रथमच कोणीतरी हिशेब विचारतो. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. 'वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात' किंवा 'फक्त लवादापुढे' अशा अटींनी ही वाट अडत नाही. पालक राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केले आहे. पालकांनी एक तांत्रिक बाब मात्र सांभाळावी. करारच अनुचित म्हणून रद्द करून मागायचा असेल तर ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते. जिल्हा आयोगात जाताना सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन पायांवर उभे राहावे, नाहीतर अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच महिने जातात. जोडायचे कागद: करार, सर्व पावत्या, जाहिरातीचे पत्रक किंवा फ्लेक्सचा फोटो, व्हॉट्सॲपचे संभाषण, बँकेचे विवरण, कर्ज असल्यास की फॅक्ट स्टेटमेंट.

येत्या एप्रिलच्या शिबिरांची पत्रके छापायला जाण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात, अशी आमची अपेक्षा आहे. सुट्या मासिक दराचा फलक दारात लागावा. परताव्याचे सूत्र, एका उदाहरणाच्या आकड्यांसकट, पावतीच्या मागे छापावे. आणि २४ व ३६ महिन्यांची नवी पॅकेजे थांबावीत. ज्यांच्याकडे अशा कराराची मुले आज आहेत, त्यांनी जुन्या करारांनाही हेच सूत्र लावावे. परताव्याची रक्कम एकदम देणे झेपत नसेल तर तीन हप्त्यांत द्या, पण तारखा लिहून द्या. घेतलेले पुढच्या तारखांचे चेक यादी करून, पालकाची सही घेऊन परत करा. कराराचा एक पानी मराठी मसुदा आम्ही तयार करत आहोत. त्यात काय घालावे, काय अव्यवहार्य आहे, हे वर्ग चालवणाऱ्यांनी सांगितले तर तो जास्त उपयोगी होईल. विशेषतः एकट्याने, छोट्या हॉलमध्ये, ३०-४० मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचे म्हणणे आम्हाला हवे आहे, कारण सूचनेचा एक महिना त्यांना पुरतो की दोन लागतात, यावर आमच्यातच एकमत नाही.

आपले,
ग्राहक कार्यकर्ते, हिशेब तपासणारे आणि प्रशिक्षक
कोल्हापूर